परतीची फेरी दोन

सोमवार, १४ जानेवारी २०१९

झालं. अकराशे चाळीस ओळी होत्या, दोनशे साठ उरल्या. तीन आठवडे त्या एका फाइलमध्ये बसून काढले. काम तेच ठेवायचं, मांडणी बदलायची – एवढंच करायचं होतं, आणि केलं.

ते अर्विडचं कोड. निवृत्त होईपर्यंत वीसेक वर्षं तो ठिगळावर ठिगळ लावत गेला. पोर्ट हॉलिसमधली म्हातारी माणसं, व्हीलचेअरवाले, दवाखान्याच्या फेऱ्या असणारे – ह्यांना घरून न्यायचं आणि परत सोडायचं. कुठली गाडी कधी कुणाकडे जाणार हे सगळं तेच ठरवतं.

आज बैठकीत जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. ग्रेडी म्हणाला, "हेल्वी, कुणीतरी एकदाचं तळघर आवरलं म्हणायचं." साहेबानेच असं म्हटल्यावर मला चेव चढला. अर्विडचे तुकडे नाटकी आवाजात वाचून दाखवले. 'परतीची फेरी' नावाचं एक फंक्शन, आणि लगेच खाली 'परतीची फेरी दोन'. ओळ न् ओळ तीच! फरक एकाच ओळीचा. गाडी दाराशी लागून पाच मिनिटं झाली आणि माणूस आला नाही, तर 'आला नाही' अशी नोंद करून गाडी पुढे काढायची – ही ओळ दुसऱ्यात नाही. नक्कल करताना राहिली असणार. वर अर्विडची टीप – 'हात लावण्याआधी लो.ला विचार.'

मी म्हटलं, "आणि हा लो. कोण, ते कुणाला विचारायचं?"

सगळे हसले. दोन्हींचं मिळून एक फंक्शन केलं. टीप पुसून टाकली.

मंगळवार, १५ जानेवारी

नवं कोड सकाळी चालू झालं. सगळ्या चाचण्या पास, पडद्यावर हिरव्या. येताना स्वतःसाठी दालचिनीचा पाव घेतला, गाडीतच खाल्ला.

गुरुवार, २४ जानेवारी

बाहेर उणे एकतीस. मार्चमध्ये विनिपेगच्या एका परिषदेत बोलायला बोलावलंय. विषय – जुनं कोड न घाबरता कसं आवरावं. आईला फोन करून सांगितलं. तिला विषय कळला नाही, पण शेजारणीला सांगते म्हणाली.

सोमवार, ४ फेब्रुवारी

ऑफिसात आज कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

रिंटाला म्हणून एक गृहस्थ आहेत. एकाहत्तर वर्षांचे. सगळं आयुष्य बंदरावरच्या धान्याच्या कोठारात काम केलं. एकटे राहतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. गेला अख्खा आठवडा त्यांना न्यायला आमची गाडी गेलीच नाही. शनिवारी शेजारणीला ते स्वयंपाकघरात पडलेले सापडले. हृदय बंद पडलं होतं, ते रुग्णवाहिकेतल्या लोकांनी चालू केलं. अतिदक्षता विभागात आहेत.

गाडी का गेली नाही? तीनदा 'आला नाही' अशी नोंद झाली की नाव तीस दिवसांसाठी यादीतून आपोआप कमी होतं. तसं पत्र टपालाने जातं, पोचायला आठवडा लागतो. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या तिन्ही दिवसांच्या परतीच्या फेरीपुढे 'आला नाही' आहे. तिन्ही वेळा दवाखान्याच्या परिचारिकेने त्यांना टॅक्सीत बसवून दिलं. आणि तिन्ही नोंदींपुढे नाव आहे लोर्ना नाबिगॉन.

लोर्ना खालच्या मजल्यावर गाड्यांच्या नियंत्रणाला बसते. बावीस वर्षं. ड्रायव्हरना बिनतारीवर तीच सांगते, इकडे वळ, तिकडे थांब. तिचं म्हणणं, "मी हे केलेलं नाही. डायलिसिसच्या माणसापुढे मी 'आला नाही' लिहीन? मी?" चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलंय.

जेवताना मी म्हटलं, "बिचारी. दमली असेल."

मंगळवार, ५ फेब्रुवारी

लिहून टाकते.

ग्रेडीने सकाळी सांगितलं, त्या तीन नोंदी एकदा तपासून घे, यंत्राची चूक नाही ना एवढं बघ. दहा मिनिटं लागली. दहासुद्धा नाहीत.

डायलिसिस संपल्यावर माणूस लगेच उठून येऊ शकत नाही. सुई काढलेली जागा दाबून धरून बसावं लागतं, रक्त थांबेपर्यंत. कुणाला दहा मिनिटं, कुणाला पंचवीस. म्हणून 'परतीची फेरी दोन'मध्ये ती ओळ नव्हती. राहून गेली नव्हती. मुद्दाम काढलेली होती. मी ती घातली. दोन्हींचं एक केलं, आणि दवाखान्यातून निघणाऱ्या प्रत्येकाला पाच मिनिटं दिली.

नोंद कुणी हाताने केलेली नाही. प्रोग्रामनेच केली. पण प्रोग्राम नोंदीपुढे नाव घालतो ते त्या वेळी कामावर असलेल्या माणसाचं. हे मला माहीत होतं. तेवढा भाग मी गेल्या महिन्यात नीटनेटका केलाय.

माझ्या चाचण्या हिरव्या का होत्या? कारण त्याही मीच लिहिल्या होत्या. मला जे वाटत होतं तेच त्या तपासत होत्या.

ग्रेडी दारात आला. "नोंद बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "नोंद बरोबर आहे."

तीन शब्द. आता स्वतःला समजावतेय की खोटं बोलले नाही. प्रोग्रामने जे लिहिलं तेच तिथे आहे, म्हणजे नोंद बरोबरच. किती हुशार आहे मी.

बुधवार, ६ फेब्रुवारी

दुपारी दोन्ही फंक्शनं परत वेगळी केली. आता नव्याने कुणाची गाडी निघून जाणार नाही. बदलाखाली काय बदललं ते एका ओळीत लिहावं लागतं. मी लिहिलं – 'किरकोळ साफसफाई.'

ग्रेडीने न बघता मंजूर केलं. माझ्यावर विश्वास आहे त्याचा.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

कुणालाही सांगितलं नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

अर्विडकडे गेले. का गेले? त्याने माझ्या तोंडून काढून घ्यावं म्हणून, बहुतेक. नाहीतर, त्याच्यात काहीतरी चूक सापडावी म्हणून. दुसरंच खरं असावं.

तो गॅरेजमध्ये बर्फात भोक पाडायचं यंत्र उघडून बसला होता. हात ग्रीसने काळे. मला बघून खूश झाला. "ये, ये. डब्यावर बस. तो खुर्चीपेक्षा बरा आहे." थर्मासमधली कॉफी दिली.

मी म्हटलं, "परतीची फेरी दोन. ते वेगळं का केलं होतंस?"

"अरे देवा. आहे अजून ते?"

मी मान हलवली.

मग त्याने सांगितलं. आधी पाच मिनिटांची ओळ त्याने सगळीकडेच घातली होती. दोन हजार तीन साल. एक दिवस लोर्ना जिना चढून वर आली. ओरडली वगैरे नाही. म्हणाली, "उद्या सकाळी कोट घालून खाली ये. मी नेते तुला." आणि डायलिसिसच्या दालनाबाहेर दिवसभर बाकावर बसवलं. "एक बाई होती," अर्विड म्हणाला, "दंड दाबून बसलेली. खिडकीतून तिला आपली गाडी दिसत होती. गाडी हलली तशी ती हात सोडून दाराकडे पळाली. बाहीतून रक्त ठिबकायला लागलं. मी तिथेच बसलो होतो. घड्याळात बघितलं, सहा मिनिटं झाली होती. मी लिहिलेलं कोड अगदी बरोबर चाललं होतं."

परत येऊन त्याने दुसरं फंक्शन लिहिलं. "नाव मात्र धड दिलं नाही. नावं द्यायला मला कधी जमलंच नाही."

त्याला नाव देता आलं नाही. मला नावं ठेवता आली.

"पण वर टीप घातली होती ना मी?" तो म्हणाला. "लोर्नाला विचार म्हणून?"

"होती."

"मग ठीक." पुन्हा यंत्रात डोकं घातलं. जरा वेळाने म्हणाला, "लोर्नाचं ऐकलं. मला पटत नाही. पण वय झालं की होतं माणसाचं. मलाही आता पान्यावरचे आकडे नीट दिसत नाहीत." हातातला पाना माझ्याकडे करून दाखवला.

हीच वेळ होती. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं, तर, "कॉफी छान आहे."

"कशाला विचारत होतीस?"

"असंच. आवरतेय ना कोड."

निघताना त्याने धुरावलेला मासा कागदात बांधून दिला. तो अजून गाडीच्या मागच्या सीटवर आहे. दगडासारखा गोठलाय. आत आणवत नाही.

रविवार, १० फेब्रुवारी

आईने विचारलं, भाषण लिहून झालं का. होतंय म्हटलं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज लोर्ना आली होती. टेबलाच्या खणातलं सामान न्यायला. ग्रेडीने तिच्यासोबत एक माणूस उभा केला होता, म्हणजे बावीस वर्षांनंतर ती काय उचलून नेते हे बघायला. स्वेटर, चष्म्याचं घर, नातवंडांचे फोटो, मऊ चामड्याच्या मोकासिनची एक जोडी – ऑफिसात ती तीच घालते, बूट नाही.

मी जिन्यात अडकले. वर जावं की खाली, कळेना. तिनेच हाक मारली.

"हेल्वी, तूच ना गं तपासलंस ते?"

"हो."

"मग माझंच नाव आहे तिथे?"

"नाव आहे."

ती जिन्याच्या कठड्याला टेकली. म्हणाली, "घरी बसून तेच डोक्यात फिरतंय बघ. तो सोमवार. तो बुधवार. पहिल्यांदा वाटलं, मी नाहीच केलं. आता वाटतं, केलं असेल. माझ्या आईला असंच सुरू झालं होतं, चहा केलेला विसरायची. मुलगी म्हणते डॉक्टरला दाखवू." मग माझ्याकडे बघून, "तुझा चेहरा का असा झालाय? तू जेवतेस ना नीट?"

मी जेवते का, हे तिने विचारलं.

तिची नोकरी जाईल, एवढाच हिशेब मी केला होता. तिचं डोकंच तिच्या हातून काढून घेतेय, हे लक्षातच आलं नव्हतं.

बुधवार, १३ फेब्रुवारी

नऊ वाजता ग्रेडीकडे गेले आणि सांगितलं. सगळं. चौदा जानेवारीपासून. 'किरकोळ साफसफाई' पर्यंत.

त्याने उठून दार लावलं. मग म्हणाला, "हे तू मला सहा तारखेला सांगितलं असतंस तर चूक होती. आता तिला दुसरं नाव आहे."

"माहीत आहे."

"तुला आणखी एक माहीत आहे का? सहा तारखेचा तो बदल मी मंजूर केलाय. न वाचता." तो खुर्चीत बसला. "वकिलाशी बोलतो. तोपर्यंत तू कुणाशी काही बोलू नकोस. आठवडाभर थांब."

मी हो म्हणून बाहेर आले. माझ्या टेबलावर येऊन बसले. आठवडाभर. म्हणजे लोर्ना डॉक्टरकडे जाईल, तो स्मरणशक्ती तपासायला तिला घड्याळाचं चित्र काढायला लावील, आजचा वार विचारील.

अकरा चाळीसला पत्र पाठवलं. आमची सेवा चालवणाऱ्या मंडळाला, ग्रेडीला, लोर्नाला, रिंटालांच्या भाचीला. अर्ध्या पानाचं. रिंटालांच्या बाबतीत काय झालं, कोणत्या ओळीमुळे, कुणी केलं, कधी कळलं, किती दिवस लपवलं. चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत कुठेतरी 'अनवधानाने' हा शब्द शिरत होता. अनवधानाने झालं ते पाच तारखेपर्यंत. त्यानंतरचं सगळं अवधानाने.

विनिपेगला नकार कळवला. आईला अजून सांगितलं नाही.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

लोर्नाचा फोन आला. मी गाडीत होते, रस्त्याच्या कडेला थांबवली.

"पत्र वाचलं. मुलीकडूनही वाचून घेतलं, दोनदा," ती म्हणाली. "म्हणजे मी नाही केलं."

"नाही."

"माझं डोकं ठीक आहे."

"हो."

ती रडत होती की हसत होती कळलं नाही. मग आवाज बदलला. "जिन्यात तू माझ्यासमोर उभी होतीस. मी आईचं सांगत होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते 'बरं' दिवसभर कानात आहे.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

अर्विडला फोन केला. ऐकून घेतलं. म्हणाला, "मासा खाल्लास का?" नाही म्हटलं. "खा. माशाने काही केलेलं नाही."

सोमवार, १८ फेब्रुवारी

रिंटालांना भेटले. आता साध्या वॉर्डात आहेत. भाचीने आधी ठाम नकार दिला होता. मग त्यांनीच बोलाव म्हटलं म्हणून तिचा निरोप आला. ती खोलीबाहेर उभी राहिली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बरोबर आहे.

मोठ्या हाडांचे गृहस्थ. उजवा हात उचलत नाही. शब्द शोधावे लागतात, पण सापडतात. घरी एकटं राहणं संपलं. घर विकायला काढायचं ठरलंय.

मी उभ्यानेच सांगितलं. ते म्हणाले, "बस. वर बघून मान दुखते."

बसले.

"तीन दिवस मी कोट घालून दारात उभा होतो," ते म्हणाले. "टोपी, हातमोजे, सगळं घालून. एकदा तास झाला."

"फोन का नाही केलात?" विचारलं आणि जीभ चावली. मी कोण विचारणारी?

"केला पहिल्या दिवशी. रेकॉर्ड लागली. आकडा दाबा, आकडा दाबा. दवाखान्यातून फोन आला, त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी येतो." पांघरूण वर ओढलं. "मला वाटलं, लोकांना माझा कंटाळा आला असेल. बाहेर यायला वेळ लावतो ना मी. दरवेळी ड्रायव्हर थांबलेला असायचा. म्हटलं, किती दिवस थांबतील?"

माफी मागायची वाक्यं पाठ करून गेले होते. ती सगळी माझ्याबद्दल होती.

त्यांनी डाव्या हाताने पाण्याच्या पेल्याकडे खूण केली. मी धरला. ते प्याले. थोडं सांडलं, ते मी पुसलं. निघताना म्हणाले, "तू परत येऊ नकोस. राग नाही. पण तू आलीस की मला तुझी समजूत काढावी लागते."

मंगळवार, १९ फेब्रुवारी

मंडळाची बैठक झाली. लोर्नाला लेखी माफी आणि उद्यापासून कामावर. रिंटालांचं नाव हाताने परत यादीत घातलं. मला लेखी ताकीद, सहा महिने माझा प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी ओळीओळीने वाचायचा. ग्रेडीलाही ताकीद. तो मला म्हणाला, "थोडक्यात निभावलं." मला ते कमी वाटतंय, आणि सुटल्यासारखंही वाटतंय. ह्या दुसऱ्याचीच जास्त लाज वाटते.

तरी आज पहिल्यांदा नीट झोप लागेल असं वाटतंय. काय करायचं ते करून झालं.

बुधवार, २० फेब्रुवारी

लोर्ना आठ वाजता आली. मोकासिन घातले आणि सरळ जिना चढून माझ्या टेबलाशी. मी उठून उभी राहिले. वाटलं, आता बोलेल. ती माझ्याबद्दल काहीच बोलली नाही. म्हणाली, "रिंटालांचं कळलं. बाकीचे कोण?"

मी म्हटलं, "बाकीचे?"

"तीन आठवडे चालू होतं ना ते? डायलिसिसला काय एकटे रिंटालाच जातात?"

यादी काढायला चार मिनिटं लागली. अकरा नावं. अजूनही कमी केलेलीच. पंधरा दिवस मी स्वतःची लाज कुरवाळत बसले होते आणि ही यादी माझ्या मनातसुद्धा आली नव्हती. ग्रेडीच्याही नाही, मंडळाच्याही नाही. लोर्नाने माझ्या हातातून कागद घेतला, मधोमध फाडला आणि अर्धा मला दिला. "वरचे माझे, खालचे तुझे. लाव फोन."

माझ्या वाट्याला पाच. तिघांनी उचलला. दोन घरी नुसती घंटी वाजतेय. लोर्ना कोट घालून खाली गाडीत बसलीय. मी निघालेय.